दुपारचं आवतन

सव्वीस वर्षं मी जनावरं धरतो आहे. धामणगाव बढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे आणि गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात मी परिचर आहे. डॉक्टर बदलून जातात, मी तिथंच असतो. दवाखान्यासमोर लोखंडी पाइपांचा खोडा आहे. त्यात बैल घालायचा, मागून आडवा दांडा सरकवायचा, डोकं दोरानं वर ओढून बांधायचं आणि मग डॉक्टरांना त्यांचं काम करू द्यायचं. खोड्यात न शिरणारं जनावर दोर टाकून पाडायचं. हे मला चांगलं जमतं. कोणाचा गोऱ्हा आडदांड असला तर लोक डॉक्टरांच्या आधी मला विचारतात. याचा मला अभिमान होता. पुढं जे लिहितो आहे ते त्या अभिमानातून घडलं, म्हणून आधी तोच सांगून टाकला.

कुत्री आमच्याकडे स्वतःहून आली. आमचा गोठा तेव्हा रिकामा होता. नांगरणी-वखरणी ट्रॅक्टरनं होऊ लागली होती, म्हणून आदल्या उन्हाळ्यात बैलजोडी विकली होती. एका सकाळी रिकाम्या गव्हाणीत ती बसलेली दिसली. तांबडी, मध्यम वयाची, आणि मानेभोवती केस नसलेला एक गोल पट्टा. तो कशाचा आहे हे मी पाहताच ओळखलं. मक्याच्या कडेनं रानडुकरांसाठी तारेचे फास लावतात. त्यातल्या एखाद्या फासातून ती कशीतरी निसटली असणार. जखम भरून आली होती, पण माणसाचा हात तिच्या खांद्याच्या वर गेला की ती बाजूला सरके. भाकर टाकली तर खाई. हात पुढं केला की गव्हाणीच्या मागं.

माझ्या बायकोला कुत्र्यांची विशेष आवड नव्हती. तिचा जीव बैलांत होता. ते गेल्यावर ती गोठ्यात जाणं टाळत होती.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. कोमट तुपात हळद कालवून पळसाच्या पानानं ती खांद्यावर चोळायची, जू ओढून घट्ट झालेली जागा मऊ करायची, आणि बैलाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी बैलाला जू नाही, चाबूक नाही. एकदा आवतन दिलं की त्याला कामाला लावायचं नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं.

त्या वर्षी बायकोनं सवयीनं वाटीत तूप-हळद केली, आणि गोठ्याच्या दारात जाऊन थांबली.

"आता कोणाले देऊ आवतन?" ती म्हणाली.

"ठेवून दे ती वाटी. पोळीवर घेऊ तूप."

ती माझ्याकडे न पाहता आत गेली आणि गव्हाणीपासून चार हातांवर मांडी घालून बसली. पान वाटीत बुडवून जमिनीवर ठेवलं आणि कुत्रीला म्हणाली, "माय, तूच घे आवतन. उद्या जेवाले ये." कुत्रीनं बऱ्याच वेळानं मान लांब करून पान चाटलं. दुसऱ्या दिवशी बायकोनं तिला पुरणाची पोळी घातली. मी हसलो. पण त्यानंतर रोज संध्याकाळी तेच सुरू झालं. बायको अंगणात बसायची, म्हणायची, "आवतन घ्या, जेवाले या," आणि कुत्री गोठ्यातून बाहेर यायची. आधी हातभर लांब थांबे. दिवाळीपर्यंत ती येऊन बायकोच्या मांडीवर हनुवटी टेकवू लागली होती.

थंडीत तिचा डावा कान वाहू लागला. डोकं सारखं झटकायची, त्याच बाजूला मान कलवून चालायची, आणि जवळ गेलं की वास यायचा. तेव्हा आमच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर मॅडम नवीन आल्या होत्या. त्यांना मी घरी घेऊन आलो. त्यांनी कुत्रीला हातही लावला नाही. अंगणात बसून नुसतं पाहिलं, मग बायकोला म्हणाल्या, "काकू, हिचा कान रोज धुवावा लागेल, रोज थेंब टाकावे लागतील. एका दिवसाचं काम नाही हे. आणि असे कान पुन्हा पुन्हा बिघडतात. तेव्हा हिला हाताची सवय लागली पाहिजे."

मग त्यांनी पद्धत सांगितली. कुत्रीनं हनुवटी मांडीवर ठेवली म्हणजे तिचं हो. उचलली म्हणजे नाही. नाही म्हटलं की हात लगेच मागं घ्यायचा, तिला उठून जायचं असेल तर जाऊ द्यायचं. पहिले काही दिवस नुसता कानाजवळ हात न्यायचा आणि भाकरीचा तुकडा द्यायचा. मग कानाला स्पर्श. मग कान उलटायचा. मग कापूस दाखवायचा. मग औषधाची बाटली नुसती जवळ ठेवायची. प्रत्येक वेळी हो-नाही तिचं.

मी म्हणालो, "मॅडम, असं खोड्यात करतो म्हटलं तं एका बैलाले महिना लागंल."

"बैल खोड्यातून घरी जातो, काका," मॅडम म्हणाल्या. "ही तर घरातच राहणार आहे."

बायकोनं ते मनावर घेतलं. मी तिला इतक्या सावकाश काही करताना कधी पाहिलं नव्हतं. रोज दिवेलागणीला तिचा हात कानाकडे जायचा आणि मागं यायचा. एक दिवस कुत्रीनं पंजा तिच्या तळहातावर राहू दिला, तेव्हा तिनं मला दारातून बोलावलं, "पाहा, नखं पाहू देते मले." पुढं कापूस कानाच्या कडेला लागू लागला. पण आत औषध अजून गेलं नव्हतं, आणि वास वाढत होता.

माझा चुलतभाऊ शेजारीच राहतो. तो रोज कुंपणावरून बोलायचा. "काय बे, दवाखान्यातला माणूस तू, अन् घरचं कुत्रं तुले कान दाखवत नाई? वहिनीनं पार पोथी लावली तिच्यासमोर."

"मॅडमनं सांगितलं तसं करून राह्यली ती."

"मॅडम काल आली. तू तं सांड पाडले ना बे?"

पारावरही हाच विषय निघू लागला. कोणी विचारी, झाला का कान? कोणी म्हणे, कुत्रीनं तारीख दिली का नाही अजून? मीही हसायचो. पण घरी येऊन बायकोला म्हणायचो, किती दिवस हे. ती म्हणायची, "पंधरा दिवस अजून. थांबा ना. आपल्या मनानं बाटली कानाले लावू देईन ती."

त्याच सुमारास मॅडम दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला गेल्या. मी स्वतःला सांगितलं की कान सडतो आहे, वाट पाहणं बरं नाही. हे अगदीच खोटं नव्हतं. पण मला खरं काय हवं होतं ते मला माहीत आहे. पारावर बसून सांगायचं होतं, केला कान मोकळा.

मंगळवारी मी दुपारी जेवायला घरी आलो. चुलतभावाला आधीच सांगून ठेवलं होतं. तो अंगणाच्या कडेला कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगामागं गोणपाट घेऊन बसला. मी दोराचा फास करून पाठीमागं धरला आणि अंगणात आलो. बायको भांडी घासून उठत होती. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं.

"आवतन दे तिले," मी म्हणालो.

"आता? संध्याकाळी देते ना मी."

"उपाशी दिसून राह्यली. दे."

ती हसली. "तुमाले काऊन आज तिची एवढी माया आली?"

तिनं हात पदराला पुसले, टोपल्यातली अर्धी भाकर घेतली आणि नेहमीच्या जागी बसली. "आवतन घ्या, माय. जेवाले या." कुत्री गोठ्यातून आली. दुपारी कधी बोलावणं नसतं, म्हणून असेल, मध्येच थांबून तिनं माझ्याकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं, आणि येऊन मांडीवर हनुवटी ठेवली.

मी फास टाकला. तो नेमका त्या केस नसलेल्या पट्ट्यावर आवळला.

तिच्या तोंडून जो आवाज निघाला तसा मी सव्वीस वर्षांत ऐकला नव्हता. ती बायकोच्या मांडीवरच मुतली. बायकोचे दोन्ही हात तिला सोडवायला पुढं गेले आणि कुत्रीनं तिच्या उजव्या हाताचा चावा घेतला. तेवढ्यात चुलतभावानं गोणपाट टाकून तिला खाली दाबलं. मी गुडघा कुत्रीच्या खांद्यावर ठेवला, तोंडाला पट्टी बांधली. बायको म्हणत होती, "सोडा तिले. अहो, सोडा." मी चुलतभावाला म्हणालो, "सोडू नको बे." मी कान उलटला, धुतला, पुसला, थेंब टाकले. गोणपाटावर रक्त दिसलं. ते कानातलं असेल असं मी धरून चाललो. कान झाल्यावर मी तिची नखंही कापली. कापायची काही गरज नव्हती. ती धरलेलीच होती, म्हणून कापली.

काम नीट झालं होतं, तक्रारीला जागा नव्हती. दोर आणि पट्टी सोडताच ती गोठ्यात न जाता कुंपणाखालून शेताकडे पळाली. चुलतभाऊ गोणपाट झटकत म्हणाला, "झालं ना? येवढ्यासाठी महिना घालवला वहिनीनं." तेव्हा मी मागं वळून पाहिलं. बायको त्याच जागी बसून होती. ओल्या लुगड्यात उजवा हात डाव्या हातानं धरलेला, आणि बोटांमधून रक्त.

सरकारी दवाखान्यात जखम धुताना सिस्टरनं विचारलं, "कोणतं कुत्रं?"

"घरचंच," बायको म्हणाली.

"घरचं काऊन चावलं मग?"

मी बाजूलाच उभा होतो. बायकोनं सिस्टरच्या हातातल्या कापसाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी ओढलं तिले." सिस्टर तिला रागावली, म्हणाली, बाया कायले कुत्र्यांच्या नादी लागतात. इंजेक्शनं सुरू झाली. मी मान खाली घालून कागद धरून उभा राहिलो.

परत येताना मोटरसायकलवर ती माझ्या खांद्याला न धरता मागच्या लोखंडी कडीला डाव्या हातानं धरून बसली. गाव जवळ आलं तेव्हा बोलली. "तिले काय माईत दोर कोणाचा होता. तिले तं येवढंच माईत, का मी बलावलं."

मी गाडी चालवत राहिलो.

पण मला जे कबूल करायचं आहे ते याच्या पुढचं आहे.

मॅडम परत आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी बायकोच्या हाताचं ऐकलं आणि मला विचारलं, "कसं झालं हो काका? ती तर छान जुळवत होती." दवाखान्यात दोनचार शेतकरी बसलेले होते. मी म्हणालो, "कान दुखला असंल तिचा."

"घाई झाली असेल काकूंची," मॅडम म्हणाल्या.

मी म्हणालो, "हाव, थोडी घाई झाली तिची."

एवढंच. पण मॅडमना ते खरं वाटलं, आणि त्या चांगल्या मनाच्या असल्यामुळं संध्याकाळी आमच्या घरी आल्या. बायकोजवळ ओट्यावर बसून म्हणाल्या, "काकू, वाईट वाटून घेऊ नका. घाई होते माणसाची. पुढच्या वेळी एक पायरी मागं या, बस." बायकोनं ऐकून घेतलं. मी दारात उभा होतो. ती माझ्याकडे पाहील, काही बोलेल, म्हणून मी वाट पाहत होतो. तिनं पाहिलं नाही. "हाव मॅडम," ती म्हणाली, "चुकलंच मह्यं." आणि उठून डाव्या हातानं चहा टाकायला गेली.

मॅडम गेल्यावर मला म्हणाली, "चाय गार होऊन राह्यली तुमची." दुसरं काही नाही. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

कुत्री चार दिवसांनी परत आली, पण अंगणात नाही. गोठ्याच्या मागच्या बाजूला, बोरीच्या झुडपाखाली राहू लागली. बायको भाकर ठेवून घरात गेली, दार लोटून घेतलं, की मग येऊन खायची. संध्याकाळी बायको नेहमीच्या जागी बसायची. पहिल्या दिवशी तिनं आवतन म्हटलं. तो शब्द ऐकताच कुत्री उठून शेतात गेली. बायकोनं पुन्हा म्हटलं नाही. नुसती बसायची, अंधार पडला की उठायची. तिच्या तळहातावर दोन दातांच्या खुणा राहिल्या आहेत. भाकरी थापताना त्या हाताला अजून कळ येते, असं ती शेजारणीला सांगत होती. मला नाही सांगितलं.

मी एका दिवसात मोकळा केलेला कान उन्हाळ्यात पुन्हा वाहू लागला. ती पुन्हा मान कलवून चालू लागली. आता तिच्याजवळ कोणीच जाऊ शकत नव्हतं. मॅडमनं भाकरीत गुंगीची गोळी द्यायचा विचार केला. बायको म्हणाली, "भाकरीवरचा इश्वास तेवढा राह्यला तिचा. तो नका घेऊ."

पुन्हा पोळा आला. आदल्या संध्याकाळी बायकोनं वाटीत तूप-हळद केली. मला वाटलं, आता ती बोरीकडे जाईल. तिनं वाटी माझ्या हातात दिली.

"तुमीच द्या आवतन," ती म्हणाली. "मह्या तोंडून ते आता निंगत नाई."

मी वाटी घेऊन गोठ्याच्या मागं गेलो. कुत्री मला पाहून उभी राहिली. मी तोंड उघडलं आणि माझ्याही तोंडून काही निघालं नाही. वाटी जमिनीवर ठेवून मी तसाच मॅडमच्या खोलीवर गेलो. त्या दारातच कपडे वाळत घालत होत्या. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. दोर, गोणपाट, नखं, आणि दवाखान्यात काय बोललो ते.

त्यांनी हातातला ओला कपडा परत बादलीत टाकला. मग म्हणाल्या, "मी काकूंना त्यांच्याच अंगणात बसून उपदेश केला, काका. आणि तुम्ही दारात उभे होतात."

"हाव."

"आता काय करू म्हणता?"

"कान बरा व्हाले पाह्यजे तिचा. कसा होईन तेवढं सांगा."

त्यांनी सांगितलं ते असं. सगळं पहिल्यापासून. जागा दुसरी, वेळ दुसरी, शब्द नाही. आणि शेवटी, माझ्याकडे न पाहता, "तुम्ही तिथं नसायचं. तुमचा वासही नको. ती येईपर्यंत, आणि आल्यावरही."

दुसऱ्या दिवशी त्या घरी येऊन बायकोशी बोलल्या. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, मी तेव्हापासूनच अंगणाबाहेर आहे. तेव्हापासून मी दवाखान्यातून परस्पर घरी जात नाही. हात-पाय दवाखान्यातच धुतो, कपडे बदलतो, आणि गल्लीच्या तोंडाशी हापशीजवळ उभा राहतो. बायको गोठ्यामागं बसते. तिचं झालं की ती ताटली उंबऱ्यावर वाजवते. ताटली वाजली की मी घरी जातो. येणारेजाणारे विचारतात, "काय भाऊ, घरातून काढलं का?" मी हाव म्हणतो. ते हसतात. चुलतभाऊ तेवढा हसत नाही. तो दुसऱ्या रस्त्यानं जातो.

मधला काळ लांब गेला. कुत्री आधी झुडपाखालून बाहेर आली, मग हातभर अंतरावर बसू लागली. हे मला बायकोकडून कळत नाही. मॅडम दवाखान्यात सांगतात, आज कापूस दाखवला, आज बाटली ठेवली. मी बैलाचं डोकं दोरानं वर ओढत असतो आणि ऐकत असतो. हल्ली खोड्यात घालण्याआधी बैलाच्या खांद्यावर हात ठेवून मी थोडा थांबतो. मालक म्हणतात, काय झालं. मी म्हणतो, काही नाही.

गेल्या महिन्यात मॅडमनं सांगितलं की थेंब कानात गेले. कुत्रीनं मध्ये दोनदा हनुवटी उचलली, दोनदा काकूंनी हात मागं घेतला, तिसऱ्यांदा तिनं राहू दिली. आता रोज जातात. कान सुकू लागला आहे.

काल ताटली नेहमीच्या वेळेला वाजली नाही. मी हापशीजवळ उभा राहून वाट पाहिली. मग मला भीती वाटली, पुन्हा चावली की काय. चपला काढून हातात घेतल्या आणि कुंपणाच्या कडेनं, वारा माझ्याकडे येईल अशा बाजूनं गोठ्याच्या मागं गेलो. बाटली बंद करून बाजूला ठेवलेली होती. कापूस टाकून दिलेला होता. काम कधीच झालं होतं. कुत्रीची हनुवटी बायकोच्या मांडीवर होती आणि बायकोचा उजवा हात, खुणांचा, तिच्या मानेवरच्या त्या केस नसलेल्या पट्ट्यावर होता. हात हलत नव्हता. कुत्रीचे डोळे मिटलेले होते.

त्या जागी कोणी हात ठेवलेला मी पहिल्यांदा पाहिला. माझा दोर सोडून.

मी आलो तसाच मागं फिरलो. चपला हापशीजवळ आल्यावर घातल्या, आणि ताटली वाजेपर्यंत तिथं उभा राहिलो.